कमरेची खुर्जी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मनकर्णा वाकळे हिने चितेगावहून आणलेल्या रक्ताच्या नळ्यांपैकी तीन फुटल्या.

फुटल्या म्हणजे नळ्या तडकल्या नाहीत. आतलं रक्त फुटलं. लॅबमध्ये हाच शब्द चालतो. रक्त फार हादरलं की त्यातल्या पेशी फुटतात आणि नळी यंत्रात फिरवल्यावर वर जे पिवळं पाणी यायला हवं ते गुलाबी येतं. अशा रक्ताचा रिपोर्ट देता येत नाही. दिलाच तर त्यात पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं आणि माणसाला नसलेल्या आजाराचं औषध सुरू होतं.

टेक्निशियन बिल्किसने एक नळी खिडकीच्या उजेडात धरली.

"ताई, हे रक्त हाय का गुलाबाचं सरबत?"

मनकर्णाने अजून हेल्मेटही काढलं नव्हतं. मॅनेजर काकासाहेब केबिनमधून बाहेर आले, नळ्या बघितल्या आणि मग दारातून बाहेर, भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे बघितलं.

"सायकलच ना?"

"सायकल नाय सर. डबा."

"डबा कशावर होता?"

"सायकलवर."

"मग सायकलच." ते केबिनकडे वळले आणि थांबले. "मनकर्णाबाई, एवढा आठवडा बघतो. पुन्हा फुटलं तर सोमवारपासून चितेगाव नवाबकडं. त्याच्याकडं मोटारसायकल आहे. तुम्हाला गाडी घ्यायला कोण नको म्हणतंय?"

चितेगाव गेलं की लॅबमध्ये मनकर्णाला दुसरं काम उरत नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं.

गाडी तिने घेतली होती. स्कूटर, स्वतःच्या नावावर. आठवडाभर ती चालवली. मग तिचा नवरा रामकिसन एका सकाळी "आजच्या दिवस" म्हणून घेऊन गेला आणि पुढे तिच्या किल्ल्या त्याच्याच खिशात राहिल्या. त्याच्या खिशातून त्या धाकट्या दिराच्या खिशात गेल्या. त्याआधी मोपेडचंही असंच झालं होतं. वाकळ्यांच्या घरात इंजिन असलेली वस्तू बाईच्या नावावर येते, बाईच्या हातात राहत नाही. म्हणून एका डॉक्टरांनी लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेली आणि नंतर जिन्याखाली टाकून दिलेली रेसची सायकल तिने मागून घेतली. बारीक चाकं, वाकडं हँडल, कडक सीट. रामकिसन एकदाच तिच्यावर बसला. गल्लीच्या कोपऱ्यावरून कंबर धरत परत आला.

"सायकल हाय का शिक्षा?" तो म्हणाला.

त्या दिवशी मनकर्णाला कळलं की ही आपल्याकडे राहणार.

मुकुंदवाडीच्या घरून बायपास, तिथून महानुभाव आश्रमाचा चौक, मग पैठण रोडने चितेगाव. येताना तोच रस्ता चौकापर्यंत आणि पुढे स्टेशनजवळची लॅब. सायकल वाऱ्यासारखी जायची. अडचण सामानाची होती. सुया, कापूस, पट्टे, वापरलेल्या सुयांचा डबा, जेवणाचा डबा, बर्फाच्या पिशव्या आणि नळ्या. रेसच्या सायकलला कॅरियर बसवायला भोकंच नसतात. तिने सीटच्या दांडीला एक आवळपट्टीचं कॅरियर लावून त्यावर थर्मोकोलचा डबा बांधला होता. चाकात हवा दगडासारखी. नक्षत्रवाडीच्या पुढे रस्ता खोदलेला. प्रत्येक खड्डा सरळ नळ्यांपर्यंत जात होता. डबा तिनेच निवडला होता; चूक तिची होती, आणि ती तसं कोणाला सांगायला जाणार नव्हती.

बुधवारी तिने सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये भरलं. चितेगावात पहिलं घर भागूबाईंचं. मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे त्यांचं रक्त वरचेवर तपासावं लागे. मंगळवारी फुटलेल्या तीन नळ्यांत त्यांची एक होती.

"कालच नेलंस की," भागूबाई म्हणाल्या. "प्यालीस का काय?"

"रस्त्यात फुटलं, मावशी."

"माझं रक्त फुटलं आन मलाच ठावं नाय." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "हे बघ, कुणी बी ये, कशावर बी ये. गाढवावर ये. पर एकदाच टोच."

मनकर्णाने एकदाच टोचलं.

येताना रक्त नीट आलं, ती नीट आली नाही. हँडलवर वाकली की सॅक घसरून मानेवर येई. मान वळवता येईना. मागून डंपरचा हॉर्न वाजला तेव्हा तो किती जवळ आहे हे न बघताच ती सायकलसकट कडेच्या मातीत उतरली. डंपर गेला. तिने गुडघ्याची माती झटकली आणि आधी सॅक उघडून नळ्या बघितल्या.

दुपारी ती बायपासच्या मोठ्या सायकल दुकानात गेली. भिंतीवर बॅगाच बॅगा होत्या. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या, हँडलला लावायच्या, दांडीत अडकवायच्या. दुकानदाराने तिची सायकल बघितली आणि हसला.

"मॅडम, ही रेसची आहे. रेसवाले काही नेत नसतात."

"मी नेते."

"मग दुसरी सायकल घ्या."

"दुसरी घेतली की ती घरात राहत नाय," ती म्हणाली. दुकानदाराला ते समजलं नाही. तिने समजावलं नाही.

चंपा चौकाजवळच्या गल्लीत मोहियोद्दीन रिक्षांच्या सीटची कव्हरं शिवत. त्यांचे वडील टांग्यांच्या घोड्यांचं सामान करायचे. संध्याकाळी मनकर्णाने त्यांच्याकडे जाऊन हाताने हवेत आकार काढून दाखवला, दोन्हीकडं लोंबणारी पिशवी, मधून जोडलेली.

"खुर्जी बोलो ना," मोहियोद्दीन म्हणाले. घोड्याच्या नाहीतर गाढवाच्या पाठीवर टाकतात ती, दोन पल्ल्यांची जाड पिशवी. मनकर्णाच्या माहेरी तिला खुर्जीच म्हणत. शहरात येऊन ती शब्द विसरली होती. "कितने बरस में किसी ने मांगी नै. बनाता मैं."

त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, सीटवर थाप दिली, वितीने मापं घेतली. थाप देताना ते सायकलीशी काहीतरी पुटपुटलेही.

गुरुवारी संध्याकाळी खुर्जी तयार होती. हिरवं मेणकापड, दुहेरी शिवण, दोन्ही पल्ले सारखे. मनकर्णा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. पायडल फिरलं की टाच पल्ल्याला लागे. एकदा डावी, एकदा उजवी. दारात बसलेल्या बायका हसायला लागल्या.

"नाप तो बराबर है," मोहियोद्दीन म्हणाले.

"माप बरोबर हाय, चाचा. टाच लागती."

ते खाली बसले. हाताने पायडल फिरवत राहिले. मग कपाळाला हात लावला.

"घोडे की टाप खुर्जीकू कब्बी लगती नै. मैं इसकू घोडा समझा. इसके पैर किधर हैं? पैर तो आपके हैं, बाई. जानवर तो…"

"बोला की."

"कुछ नै."

"मी बोलते. जनावर मी हाय. मग खुर्जी जनावराच्या अंगावर टाका."

मोहियोद्दीन हसले नाहीत. त्यांनी टेप तिच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तिने कमरेचं माप घेऊन मोठ्याने सांगितलं. त्यांनी ते खडूने मेणकापडावर लिहिलं, भिंतीकडे बघतच. मग पल्ले किती आखूड करायचे आणि पट्टा कुठून घ्यायचा यावर दोघांचं बराच वेळ चाललं. पल्ले मांडीवर नकोत, ती म्हणाली, पाठीच्या खाली, कमरेच्या मागच्या बाजूला बसले पाहिजेत. उजव्यात नळ्या उभ्या राहतील असे कापसाचे कप्पे, डाव्यात कापडात गुंडाळलेला बर्फ. बाकीचं सामान सीटखाली गुंडाळी करून. हादरलेलं चालतं ते सायकलवर, चालत नाही ते अंगावर.

"पहले घोडे कू सवार मिलता था," खडू खिशात टाकत ते म्हणाले. "आपकू दोनों बनना पडता."

"घरात बी तसंच हाय," मनकर्णा म्हणाली.

शुक्रवारी ती पुन्हा सॅक घेऊन, मान आखडून गेली. संध्याकाळी खुर्जी घरी आणून आरशासमोर बांधून बघितली. रामकिसन जेवायला बसला होता.

"हे काय? कंडक्टर झालीस का?"

"व्हय. तिकीट काढ."

शनिवारी नक्षत्रवाडीच्या खोदकामातून येताना ती सीटवरून किंचित उठली. हादरा पायांनी घेतला. कंबर हलली, पण लेकरू कडेवर असताना हलते तेवढीच. लॅबमध्ये बिल्किसने नळ्या यंत्रातून काढून स्टँडमध्ये ओळीने लावल्या. सगळ्यांच्या वर पिवळं पाणी होतं, स्वच्छ.

"सर, या की बघायला," बिल्किसने केबिनकडे हाक दिली. "लिंबू सरबत."

काकासाहेबांनी बघितलं. एक नळी उचलूनही बघितली.

"छान आहे," ते म्हणाले.

बोर्डावर सोमवारची कामं लागली होती. चितेगावपुढे नवाबचं नाव होतं. मनकर्णाने ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे कधी ठरलं?"

"गुरुवारी. चितेगावच्या कंपनीच्या ऑफिसातून फोन होता. आपण तिथल्या कामगारांचं रक्त घेतो ना. गेटवर घामाघूम बाई सायकलवर येते, ते बरं दिसत नाही म्हणाले. लॅबची इमेज असते, बाई."

"रक्त बरं दिसतंय का?"

"रक्ताचा प्रश्न नाही."

"मंगळवारी रक्ताचाच व्हता."

काकासाहेबांनी नळी स्टँडमध्ये परत ठेवली. ती भलत्याच खाचेत गेली. बिल्किसने उचलून नीट लावली.

"तुमचं बघतो काहीतरी," ते म्हणाले. "सोमवारी फोन करतो."

"फोन नका करू सर. सायकल चालवताना मी उचलत नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चितेगावच्या रस्त्यावर असते."

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला मुकुंदवाडीहून निघाली. चितेगावच्या फाट्यावर नवाब मोटारसायकल लावून चहा पीत उभा होता. तिला बघून त्याने कप खाली ठेवला.

"दीदी, मैं मांगा नै ये काम. सर बोले."

"मी तुला काय म्हणले का?"

"फिर आप इधर कैसे?"

"रोज जशी येते तशी."

नवाबने डोकं खाजवलं. ती त्याच्यापेक्षा मोठी होती आणि सुई धरायला त्याला तिनेच शिकवलं होतं. तो म्हणाला, "मैं कंपनी का गेट कर लेता. गाव आप करो." मनकर्णाने पुढे जाऊन भागूबाईंच्या दाराशी सायकल टेकवली. भागूबाईंनी तिच्या कमरेकडे बघितलं, पट्ट्याला हात लावून बघितला आणि बाही वर केली.

साडेअकराला दोघांच्या नळ्या लॅबमध्ये पोचल्या. नवाबच्या नळ्यांची नोंद झाली. मनकर्णाच्या नळ्यांची नोंद करायला काउंटरवरच्या मुलीने केबिनकडे बघितलं. काकासाहेब काचेपलीकडे फोनवर होते. त्यांनी एक हात वर केला; थांब म्हणाले की नको म्हणाले, ते तिला कळलं नाही.

बिल्किसने दोघांच्याही नळ्या यंत्रात बसवल्या आणि झाकण लावलं.

काकासाहेब दार उघडून बाहेर आले. "नोंद नसताना?"

"नोंद नंतर करा सर," बिल्किस म्हणाली. "रक्त थांबत नाय."

यंत्र फिरायला लागलं. ते थांबल्यावर बिल्किसने नळ्या काढून स्टँडमध्ये लावल्या. मनकर्णाच्या सगळ्या पिवळ्या होत्या. नवाबच्याही होत्या.

काकासाहेबांनी मनकर्णाच्या नळ्यांची नोंद करायला सांगितलं नाही आणि त्या टाकून द्यायलाही सांगितलं नाही. ते केबिनमध्ये गेले, फोन पुन्हा कानाला लावला. दुपारी बारा वाजता मनकर्णा काउंटरसमोरच्या बाकावर नोंदीची वाट बघत बसलेली होती. कमरेची खुर्जी तिने सोडली नव्हती.