मागची डावी बाजू

ज्ञानदेवांची गाडी सतरा वर्षांची होती आणि तरीही लोक तिला एसयूव्ही म्हणत. निवृत्त माणसाला सवयीने साहेब म्हणत राहतात, तसंच काहीसं. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओने तिला वरखाली तपासून आणखी पाच वर्षांसाठी पास केलं. त्याच सुमारास ज्ञानदेव भोसरीच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. त्यांना मात्र कुणी तपासलं नाही.

आकुर्डीतून निघताना त्यांची बायको नीला नेहमी मागे, डाव्या सीटवर बसे. पुढे बसलं की नवरा गाडी कशी चालवतो ते दिसतं, असं तिचं म्हणणं होतं.

होळीच्या आसपास गतिरोधकावर मागून डावीकडे ‘कट्’ असा आवाज येऊ लागला आणि त्याच दिवसांत नीलाच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरू लागल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असण्याचं काही कारण नव्हतं. एकीसाठी सांगवीहून मुलगी अंजली आली आणि आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली, दुसरीसाठी ज्ञानदेव दापोडीला ज्योतीरामच्या गॅरेजमध्ये गेले. डॉक्टरांनी रक्त, फोटो, सोनोग्राफी सगळं बघून सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. ज्योतीरामने बुश बदलले, शॉकअप बदलले आणि त्यानेही तेच सांगितलं. नीला पोटभर जेवत होती, तिला कुठे दुखत नव्हतं, आणि पंधरा दिवसांत ती आणखी वाळली.

आवाज गेला, पण गाडी मागून डावीकडे बसू लागली. ज्योतीरामने मागच्या स्प्रिंगचे पाटे काढून नवे घातले. आठवड्यात चाकावरची फट पुन्हा चार बोटांवरून दोनवर आली. मग त्याने ज्ञानदेवांना गाडी चालवायला लावली आणि आवाज, हादरा काही कळतंय का ते बघायला स्वतः मागे डावीकडे बसला. भरलेल्या रिक्षात तिसरा माणूस बसतो तसा तो दाराला चिकटून, अंग चोरून बसला होता. कासारवाडीपर्यंतही न जाता त्याने गाडी थांबवायला लावली आणि उतरून पुढे येऊन बसला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, “काय न्हाई काका. तिथं अडचण व्हती.”

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने हात पुसत खालच्या आवाजात विचारलं, “मागं माल काय टाकलाय?”

ज्ञानदेवांनी दार उघडून रिकामी सीट दाखवली. ज्योतीरामने ती जरा जास्तच वेळ बघितली आणि एकदा काट्यावर घाला म्हणाला.

स्टोअरच्या माणसाला हे पटण्यासारखं होतं. नवी गाडी घरी आणण्याआधी टाकी भरून ती कंपनीच्या वजनकाट्यावर चढवणारा ग्राहक जगात एकच असेल, आणि ज्ञानदेवांकडे ती पावती अजून होती : एक हजार सातशे दहा किलो. त्यांनी टाकी भरली आणि चाकण रस्त्यावरच्या एका काट्यावर गाडी चढवून स्वतः खाली उतरले. सतराशे वीस. जूनमध्ये पुन्हा गेले, पुन्हा टाकी भरून. सतराशे तीस. काटा दहाच्या पटीत बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. नीलाचं वजन होळीला बासष्ट होतं, मग एक्कावन्न झालं, आता बेचाळीस. डायरीत डाव्या पानावर गाडी आणि उजव्या पानावर नीला होती, ही केवळ त्यांची जुनी सवय. त्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही पानांकडे एकदम पाहिलं आणि डायरी मिटून ठेवली.

झोपताना त्यांनी हात लांब केला. नीला शेजारी होती, पण तिच्या बाजूची गादी जरासुद्धा दबलेली नव्हती.

अंजली म्हणाली, ते खटारं विकून टाका आणि आईकडे लक्ष द्या. ज्योतीरामने खेडचं एक गिऱ्हाईकही आणलं. नवनाथ नावाचा तो माणूस किल्ली हातात घेऊन उभा राहिला, तेव्हा ज्ञानदेवांनी ती काढून घेतली. कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एक नियम पाळला होता : तूट सापडेपर्यंत स्टोअरमधून काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही. ही गाडी खेडला गेली, तर तिच्याबरोबर काय जाईल, याचा विचार ते पूर्ण करू शकले नाहीत.

त्यांनी ठरवलं की टाकी भरून गाडी आणि नीला, दोघींचं वजन एकाच काट्यावर, एकाच वेळी घ्यायचं. सतराशे दहा आणि बासष्ट. नीलाला आत बसवून सतराशे सत्तर आले, तर तूट कुठेच नाही, सगळं त्या दोघींतच आहे. मग तरी काही करता येईल.

नीला मुकाट आली. तिला उचलून बसवावं लागलं, आणि त्यासाठी जोर लावावा लागला नाही.

काट्यावरचा माणूस खिडकीतून म्हणाला, माणसं बसवून पावती मिळणार नाही, दोघंही उतरा. ज्ञानदेवांनी विनवलं, त्याने नकारार्थी मान हलवली. पण म्हाताऱ्या बाईकडे बघून केबिनमधली प्लॅस्टिकची खुर्ची काट्यापासून बाजूला आणून ठेवली. नीला तिच्यावर बसली. ज्ञानदेव तिचं मनगट धरून शेजारी उभे राहिले. भर दुपार होती, कंटेनर रांगेत खोळंबले होते.

माणसाने आकड्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि वैतागून म्हणाला, “सतराशे सत्तर दाखवतंय. काका, मागं आणखी एक काकू हायेत, त्यांना बी उतरवा की.”

ज्ञानदेवांनी मनगटावरची पकड घट्ट केली. त्यांची बोटं त्यांच्याच तळव्याला टेकली.

“बसू द्या तिला,” नीला म्हणाली. “आत्ता कुठं डोळा लागलाय.”