स्थिर इमारतीचं सर्टिफिकेट

बमरोलीतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर चोवीस माग आणि वरच्या तीन मजल्यांवर माणसं होती. माग सुरू झाले की चहातली साखर आपोआप विरघळायची, चमचा लागत नसे. या सोयीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार एकच होती, दुसऱ्या मजल्यावरच्या लोटू मास्तरांच्या भिंतीतल्या भेगेबद्दल.

ही भेग छताजवळ निघून पाळण्याच्या जागेपर्यंत उतरली होती. त्यामुळे मास्तरांची चार महिन्यांची मुलगी शेजारी कलाबाईंकडे झोपायची, आणि ती रडली की तिची आई, अनुसया, मधल्या गॅलरीतून धावायची. इमारतीचे मालक शेठ भूपेंद्रभाई यांचं म्हणणं होतं की भेग भिंतीला नाही, रंगाला पडली आहे. रंग त्यांनी बदलला. भेग नव्या रंगातही रस घेऊ लागली.

मग पंच्याण्णव साली वर चौथा मजला चढवून गाळे विकायचं शेठच्या मनात आलं आणि गिऱ्हाइकं सर्टिफिकेट मागू लागली. शेठनी योगेंद्रसाहेब नावाचे इंजिनियर आणले. साहेबांनी भेगेखाली जमिनीवर एक पितळी डबी ठेवली. तिला सेन्सर म्हणतात, इमारत किती हलते ते तिला कळतं, असं त्यांनी समजावलं. डबीची वायर दाराजवळच्या टेबलावरच्या यंत्रात गेली. तिथे सुई कागदावर रेघ ओढणार होती. सात दिवस कुणी हात लावायचा नाही, असं सांगून साहेब गेले.

अनुसयाला हायसं वाटलं. दोन वर्षं तिचं कुणी ऐकलं नव्हतं, आता यंत्र बोलणार होतं.

संध्याकाळी पाळी संपवून मास्तर घरी आले. दिवसभर माग दुरुस्त करणारा माणूस. डबी जमिनीवर थडथडत होती, सुई पिसाळल्यासारखी नाचत होती. मास्तरांना ते बघवेना. माग असा थडथडला की त्याच्या पायाखाली जुन्या टायरचे तुकडे सारायचे, हे त्यांचे हात वीस वर्षं करत आले होते. हातांनी मास्तरांना न विचारता तेच केलं. टायरवर घडी घालून गोधडी, गोधडीवर डबी. सुई शांत झाली. मास्तर समाधानाने जेवायला बसले.

सात दिवसांनी साहेब आले. डबी खाली होती, कागद टेबलावर होता, आणि दोन मजले चढून आलेला माणूस वाकत नाही. पहिला दिवस यंत्र स्थिरावण्यात जातो म्हणून तेवढा कागद साहेबांनी फाडून टाकला. पुढची रेघ इतकी सरळ होती की त्यांनी तिला पट्टी लावून पाहिली. अशी स्थिर इमारत आपण पाहिली नाही, असं त्यांनी लिहून दिलं. लिहिताना टेबल हलत होतं म्हणून त्यांनी कागद मांडीवर घेतला.

शेठ खूश झाले. अनुसयाने गोधडी उचलून नवऱ्यापुढे धरली आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"तुम्हीन मशीन सुधारं. भीत कोन सुधारी?"

मास्तर जेवायला बसले होते. तसेच उठून ते जिन्यात साहेबांना गाठायला गेले, त्यांना वर आणलं, सगळं कबूल केलं आणि डबी जमिनीवर ठेवून दाखवली. सुईने कागद टराटरा फाडला. साहेबांनी बराच विचार केला. इमारत स्थिर आहे हे तर सर्टिफिकेटात आलंच होतं, तेव्हा बिघाड यंत्रात असणार. यंत्र बडोद्याला दुरुस्तीला गेलं. वाटेत धक्के लागू नयेत म्हणून गोधडीही नेली.

गिऱ्हाइकांना दाखवायला शेठनी सर्टिफिकेट भेगेवरच डकवलं. मागावर सुताला लावतात ती खळ वापरली. ती एकदा धरली की सोडत नाही. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट मधोमध उभं फाटलं. 'इमारत' डावीकडे गेली, 'स्थिर आहे' उजवीकडे.

शेठ धावत आले. अनुसया कागदासमोरून बाजूला झाली. दुसरं सर्टिफिकेट मिळेना, कारण यंत्र बडोद्यात. फाटका भाग रोज केसभर रुंदावत होता, आणि रविवारी गिऱ्हाइकं येणार होती. शेठनी कपाळावरचा घाम पुसत आपल्या गुजराती मराठीत मास्तरांना विचारलं,

"मास्तर, आ सर्टिफिकेटला आधार कसा देता येईल?"

मास्तर म्हणाले की लोखंडी गर्डर लागेल.

शनिवारी गर्डर आला, भेगेत सिमेंट भरलं गेलं, आणि सर्टिफिकेट थरथरू नये म्हणून चोवीसही मागांखाली टायर सारले गेले. भिंतीवर एवढा खर्च शेठनी आयुष्यात केला नसता, पण हा कागदावरचा होता.

रविवारी अनुसयाने कलाबाईंकडून मुलगी आणली आणि पाळणा गर्डरला बांधला. शेठ गिऱ्हाइकं घेऊन आले, पाळण्याकडे संशयाने बघत राहिले, मग गिऱ्हाइकं जिन्यात गेल्यावर तिला दाराशी बोलावून म्हणाले की कागद नाजूक आहे, जरा सांभाळून.

"झोका हळूच देसू, शेठ," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.