दोन कप पोचले

"पोरी, वीज कंपनी बदलण्याआधी एवढं एक विचारून घे. हा मीटर पहिल्या पिढीचा आहे. दुसऱ्या कंपनीकडे गेला की याची वाचा जाते," असं एमरिसकाका माझ्या काचेवर बोटाने टकटक करत म्हणाले होते.

नेरीसने कडेवरची तान्ही कारी सावरली आणि ती हसली. "काका, तुम्हाला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आता सगळं आपोआप होतं."

मित्रांनो, तो पहिल्या पिढीचा मीटर मीच. मी एक जुना वीजमीटर आहे. बॅरी गावात, गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, गेथिन यांच्या घरात जिन्याखालच्या कपाटात राहतो. माझ्या शेजारी एक छत्री आणि बुटांचा खोका आहे. कपाटाचं दार नीट लागत नाही, म्हणून मला स्वयंपाकघराची एक फट दिसते आणि घरातलं बहुतेक सगळं ऐकू येतं.

माझ्या आधीच्या मीटरांना फक्त मोजता यायचं. मला बोलताही येत होतं. दर अर्ध्या तासाने मी कंपनीला कळवायचो, या घरात एवढी वीज लागली. शेजारच्या घरातल्या एमरिसकाकांनीच मला इथे बसवलं. नोकरीतलं ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. "हा आता तुझ्या चहाड्या करणार बरं का, गेथिन," असं ते म्हणाले, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

गेथिन आयुष्यभर गोदीत क्रेन चालवायचे. बायको गेल्यावर ते एकटेच राहत. मुलगी नेरीस लग्नानंतर खाडीपलीकडे ब्रिस्टलला गेली होती. तिचा जीव इकडे अडकलेला. तिने मोबाइलवर कंपनीचं पान उघडून वडिलांना दाखवलं. निळे उभे पट्टे होते, दर अर्ध्या तासाला एक. सकाळी सातला एक पट्टा ताडकन उंच व्हायचा. ती विजेची किटली.

"म्हणजे माझ्या चहावर पाळत?" गेथिन म्हणाले.

"पाळतच. सातचा पट्टा उठला नाही, तर आठला मी गाडीत."

"आणि मी अंथरुणात लोळत पडलो असलो तर?"

"तर चड्डीवर दार उघडावं लागेल."

कारीचा जन्म झाल्यापासून गेथिन साडेसातला पुन्हा किटली लावू लागले. "पहिला माझा, दुसरा नातीचा," असं म्हणून दोन्ही कप तेच प्यायचे. मी दोन्ही खबरा इमानाने पोचवायचो. मग आठच्या सुमाराला बैठकीच्या खोलीत त्यांचा मोबाइल टिंग करायचा. नेरीसचा निरोप ठरलेला असे: 'दोन कप पोचले.' मित्रांनो, तो निरोप खरं तर मला मिळालेली शाबासकी होती.

त्या वर्षी ऑक्टोबरातच हाडं गोठायला लागली. विजेच्या बिलाच्या धास्तीने गेथिन एकच खोली गरम ठेवायचे आणि कोट घालून टीव्ही बघायचे. नेरीसला ते बघवेना. ती शिकलेली मुलगी, बारकाईने बघणारी. जेवणाच्या टेबलावर वही उघडून तिने वीज कंपन्यांचा तक्ता मांडला. एका युनिटचा दर काय, वीज वापरा न वापरा रोजचा ठरलेला आकार काय, दर किती महिने बांधलेला, मध्येच सोडलं तर दंड किती, फोन किती वेळाने उचलतात. सहा कंपन्या आणि नऊ रकाने.

गेथिन तिच्या खांद्यावरून डोकावले. "नवरा निवडताना एवढे रकाने आखले नव्हतेस."

"म्हणून तर आता आखतेय. बाबा, या हिवाळ्यात दोन खोल्या गरम. आणि तो कोट खुंटीला. कळलं?"

त्याच दुपारी एमरिसकाका मनुकांचे केक घेऊन आले होते आणि माझ्या काचेवर टकटक करून ते वाक्य बोलले होते. नेरीसने सगळं विचारलं, पण माझ्याविषयी एक अक्षर विचारलं नाही. दहावा रकाना आखायला वहीच्या पानावर जागा होती. ती मला आजही दिसते.

एका मंगळवारी कंपनी बदलली. घरातला दिवासुद्धा लुकलुकला नाही. अर्धा तास झाला तशी मी नेहमीप्रमाणे खबर पाठवली. ती घ्यायला पलीकडे कोणी नव्हतं. पुन्हा पाठवली, पुन्हा तसंच. मोजणं चालू होतं, पण मी कोणासाठी मोजत होतो? तरी दुसऱ्या दिवशी मोबाइल टिंग झाला आणि गेथिननी मोठ्याने वाचलं, "दोन कप पोचले." मी चकित झालो. मी तर काहीच पोचवलं नव्हतं.

पलीकडे काय होत होतं, ते मला पुढे नेरीसच्याच तोंडून कळलं. मीटर बोलत नसला, तर नवी कंपनी जुन्या वापरावरून अंदाज बांधायची आणि त्याचे पट्टे काढायची. निळे नाहीत, राखाडी. खाली बारीक अक्षरांत 'अंदाजे' लिहिलेलं. नेरीसला वाटलं, नव्या कंपनीचा रंगच राखाडी. मीटरवरचा आकडा वाचून कळवा, असं त्यांचं पत्रही आलं होतं. ते कारीच्या लंगोटांच्या ढिगाखाली राहून गेलं.

तीन आठवड्यांनी, एका बुधवारी, पावणेसातला गेथिन स्वयंपाकघरात आले. सपाता फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि मग एक जड, बोथट आवाज. सात वाजले. किटली लागली नाही.

मला फटीतून त्यांचा हात दिसत होता. ते ओरडले, पण आवाजात जोर नव्हता आणि भिंतीपलीकडच्या एमरिसकाकांना कानयंत्राशिवाय ऐकू येत नाही. थोड्या वेळाने गेथिन ओरडायचे थांबले. शांतपणे, स्वतःलाच समजावावं तसे म्हणाले, "असू दे. पट्टा उठला नाही. आता तिला दिसेल."

साडेसात वाजले. मी तीच एक खबर पाठवत राहिलो: किटली नाही, किटली नाही, फक्त फ्रिज.

आठ वाजता बैठकीच्या खोलीत मोबाइल टिंग झाला.

"बघ," गेथिन म्हणाले. त्यांचा आवाज हसरा होता, मित्रांनो. "विचारतेय. निघाली असेल आता."

ते वाट बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोबाइल पुन्हा टिंग झाला.

गुरुवारी आमच्या रस्त्यावर कचऱ्याची गाडी येते. गेथिन यांचा डबा कधी दाराबाहेर आला नाही, असं झालं नव्हतं. त्या गुरुवारी एमरिसकाकांना तो दिसला नाही. त्यांच्याकडे किल्ली होती. ते आत आले आणि "अरे गेथिन, अरे बाबा" एवढंच म्हणत राहिले. गेथिनना दवाखान्यात नेलं तेव्हा श्वास चालू होता. काकांनी फ्रिज रिकामा केला, मेन स्विच खाली केला आणि कुलूप लावलं. माझा आकडा जागच्या जागी थांबला.

शनिवारी सकाळी आठला काका गेथिन यांचे कपडे न्यायला आले. माझ्यासमोर उभे असतानाच त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येतं म्हणून ते सगळ्यांचं बोलणं मोठ्या आवाजात लावतात.

"काका, तुम्ही बाबांकडे चहा केलात का आज?" नेरीस दवाखान्यातून विचारत होती.

"मी? आत्ता तर दार उघडलं."

"मग दुसरं कोणी? सात वाजता आणि साडेसातला. दोन्ही पट्टे दिसतायत मला."

"पोरी, किल्ली माझ्या खिशात आहे. मेन स्विच मी परवाच बंद केला. घरात वीजच नाही."

मग तिने अगदी हळू विचारलं, "काका, मग मी इतके दिवस काय बघत होते?"

काकांनी माझ्या काचेवर तळहात ठेवला. 'मी सांगितलं होतं' असं ते तेव्हा म्हणाले नाहीत आणि नंतरही नाहीत.

गेथिन अकरा दिवस जगले. त्यांनी मुलीला बोल लावला नाही. उलट म्हणाले, "मला वाटलं, कारीने रात्रभर जागवलं असेल. डोळा लागला असेल तुझा." ते गेल्यावरही या बंद घरात रोज सातला त्यांचा चहा होत होता आणि साडेसातला नातीचा. राखाडी आणि अगदी वेळेवर. नेरीसने ते पट्टे बघणं सोडलं नाही. ते पान बंद करायला तिला महिना लागला.

उद्या मला काढून नेतील. घर विकलं गेलं आहे. आज नेरीस आली, कारीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर फरशीवर बसली आणि सगळं मला सांगितलं, जणू मला अजून कोणाला कळवता येतं. मी मुका असलो तरी मोजत होतो. पण मी मुका झालोय हे ओरडून सांगायला हवं होतं आणि नेमकं तेच मला येत नव्हतं. मित्रांनो, कंपनी जरूर बदला, तक्ता जरूर मांडा. पण आधी घरातल्या मीटरसमोर उभं राहून विचारा की उद्यापासून हा बोलेल का.

जाताना नेरीसने तीच वही उघडली. नऊ रकान्यांशेजारच्या मोकळ्या जागेत तिने काहीतरी लिहिलं आणि ते पान फाडून वाचनालयाच्या फलकावर लावायला काकांच्या हातात दिलं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला ऐकू आलं:

'तुमचं एखादं माणूस एकटं राहत असेल. ते ठीक आहे असं तुम्हाला कुठूनतरी कळत असेल. मलाही कळत होतं. आज त्यांना फोन करा आणि त्यांचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐका. उचलला नाही, तर शेजाऱ्याला दार ठोकायला सांगा. आत्ता. हे पूर्ण वाचायला थांबू नका.'