लग्नात काय वाजवायचं?

मित्रांनो, मी ढोल आहे. वय झालेला, पोट फाटलेला, जिन्याखालच्या अडगळीत फुटक्या बादलीशेजारी पडलेला. माझी कहाणी मवाळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मार खाणे हाच माझा धंदा होता.

जन्मच मुळी माराने झाला. कारागिराने लाकडाचा ओंडका छिन्नीने कोरून कोरून पोकळ केला, भिजवलेले कातडे माझ्या दोन्ही तोंडांवर दोरीने करकचून आवळले, उन्हात तापवले आणि पहिला दणका घातला. मी असा काही गरजलो की शेजारच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर धावला. कारागीर म्हणाला, "पठ्ठ्या लग्नं गाजवणार!" माझी छाती फुगली.

मला एका वादकाने विकत घेतले. त्याचा हात असा की नवरदेवाच्या आजोबांनाही नाचायला लावी. लोक त्याला उस्ताद म्हणत. घरी मात्र उस्तादाचा एकच शब्द चाले, "वाजवू का?" तो ऐकला की त्याची बायको आणि लेक जीव मुठीत धरून बसत. कारण तो मला वाजवणार की कोणाच्या कानाखाली वाजवणार, हे हात उचलेपर्यंत कळत नसे. बहुतेक वेळा आधी बायकोचा नंबर लागे. भाजीत मीठ कमी, शर्टाचे बटण तुटलेले, कारण काहीही चाले. पट्ट्याने, चपलेने, कधी मला वाजवायच्या टिपरूने. मग तो खिडक्या लावी आणि मला गळ्यात अडकवून जीव खाऊन बडवी. तिचे रडणे बाहेर जाऊ नये म्हणून! माडीखालच्या रस्त्यावरचे लोक म्हणत, "काय सराव करतो हो हा माणूस!" सराव म्हणे! अहो, माझ्या आवाजाखाली एक बाई विव्हळत होती.

लेक मोठी झाली, दवाखान्यात नर्स झाली, तिचे लग्न ठरले. आदल्या दिवशी मावशी, मामा, नवरा मुलगा असे सगळे घरी जमले. माणसांच्या गर्दीने उकडत होते, म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या. मावशीने सहज विचारले, "मग, लग्नात काय वाजवायचं?"

"विचारायचं काय त्यात?" उस्ताद म्हणाला. "माझ्या पोरीच्या लग्नात माझाच ढोल."

"ढोल नको," लेक म्हणाली. "आई गाणार आहे."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "हिला गाता येतं होय?"

"येत असेल. आम्हाला काय ठाऊक, बाबा? तिनं तोंड उघडलं की तुम्ही ढोल वाजवायचात."

उस्तादाच्या डोळ्यांत रक्त उतरले. "थोबाड बंद कर, नाहीतर पाहुण्यांसमोर वाजवीन!" असे ओरडत त्याने टिपरू उगारले. लेक जागची हलली नाही. टिपरू तिच्या डोक्यात बसणार, तोच आईने कोपऱ्यातून मला उचलले आणि मध्ये धरले. माझे कातडे टर्रकन फाटले. मित्रांनो, आयुष्यातला हा एकच मार मी आनंदाने खाल्ला. दुसरा तडाखा मात्र आईच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचे मी ऐकले. आता तिला झाकायला माझा आवाज नव्हता. तिची किंकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि माणसे घरात धावून आली. मामाने आणि नवऱ्या मुलाने उस्तादाला आडवे पाडले, तरी तो लाथा झाडतच होता.

लग्न लागले, उस्तादावाचून लागले. आई हाताला प्लास्टर घालून गायली. मावशी तिचे कपडे न्यायला आली, तेव्हा मला हे कळले. खरे सांगायचे तर आई बेसूर गायली, म्हणे. कडवेही विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पण कोणी तिला मध्येच तोडले नाही. ती त्या घरी परत आली नाही, याचा मला फार आनंद आहे.

माझ्यावर कोणी नवे कातडे चढवले नाही. नकोच ते. मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. ढोलाला हवे तितके बडवा, तो त्याचसाठी जन्मतो. पण बंद खिडक्यांआड कोणी जीव खाऊन ढोल बडवत असेल, तर खाली उभे राहून टाळ्या वाजवू नका. वर जा आणि दार वाजवा.