कुठंच गेलो नव्हतो

माझ्या प्रणीतला चौथ्या दिवशीही हुडहुडी भरून ताप आला, आणि माझी सासू डॉक्टरांशी दुसऱ्यांदा खोटं बोलली.

“बाहेरगावी नेलं होतं का याला?” डॉक्टर श्रीहर्षनी विचारलं.

“छे! कुठंच नाही,” भागीरथीबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही सगळे मंगळूरला गेलो होतो, माझ्या नणंदेसाठी, रूपश्रीसाठी स्थळ बघायला. पण लग्न ठरेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, ही आमच्या घरची रीत. बंगळूरात आपली माणसं मोजकी, आणि स्थळ मोडायला कोणीतरी टपलेलंच असतं म्हणे. त्यात डॉक्टर आपल्यातलेच, त्यांच्या आईच्या कानावर गेलं की गावभर झालं! पाच वर्षांचं पोर तापानं फणफणतंय आणि यांना काळजी कसली, तर याची! पहिल्या खेपेला मीही मूग गिळून बसले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

“डेंग्यू नाही. व्हायरल असेल, दोन दिवस बघू,” म्हणत डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“मंगळूरला गेलो होतो, अण्णा. तीन रात्री. पोराला डासांनी फोडून काढलं होतं.”

सासूबाईंनी माझा दंड चिमटला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“अक्का, हे परवाच सांगायचं ना! तिकडं मलेरिया असतो. आत्ताच्या आत्ता रक्त तपासून घ्या.”

मलेरियाच निघाला. पोर इतकं गळालं होतं की ॲडमिट करावं लागलं. अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग वॉर्डातूनच मी मंगळूरला, आम्ही उतरलो होतो त्या मुलाच्या घरी, फोन लावला. त्यांच्याही घरात मुलं आहेत, सावध करावं म्हणून. फोन स्पीकरवर होता, सासूबाई आणि रूपश्री शेजारीच होत्या.

“हो, आमच्याकडं दोघांना झाला होता की,” नवऱ्या मुलाची आई शांतपणे म्हणाली. “तुम्ही यायच्या आठवडाभर आधी. सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” माझा आवाज चढला.

“सरी, सरी, असू दे, झालं ते झालं,” सासूबाई कुजबुजल्या. “स्वल्प गोड बोल. मोडेल ग.”

रूपश्रीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

“मोडेल कशाला, मीच मोडते,” ती म्हणाली. “आणि काकू, पुढच्या पाहुण्यांना तरी आधी सांगा. त्यांच्याबरोबरही एखादं लहान पोर असेल.”