बाटलीवालीच्या पाठीमागची गोष्ट

दादरच्या गंगाधर कर्णिकांनी चाळीस वर्षं रद्दीची दुकानं पालथी घालून जुन्या मासिकांतल्या थंड पेयांच्या चितारलेल्या जाहिराती जमवल्या. पान कापायचं आणि खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. मागे काय छापलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मधुमेहामुळे पंचवीस वर्षांत एक घोटही घेतला नव्हता, ते वेगळंच.

वाचनालयात त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा करी रोडहून एक म्हातारी आली आणि संत्र्याच्या सरबताची बाटली धरलेल्या बाईचा एक पुठ्ठा चक्क उलटा करून बघू लागली.

"अहो मावशी, हात नका लावू!"

"भाऊ, ह्या बाटलीवालीच्या पाठीवर आमच्या ह्यांच्या गोष्टीचा शेवट आहे."

म्हातारीचं नाव कमल. तिचे दिवंगत यजमान दत्ताराम गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. त्यांची एकच गोष्ट छापून आली, एका दिवाळी अंकात. शिमग्याला गावी आले तेव्हा त्यांनी ती बायकोला वाचून दाखवली. कमलला तेव्हा अक्षर येत नव्हतं, म्हणून ते शेवट वाचत असताना ती समोरून पानामागची ही बाटलीवालीच बघत बसली. पुढे ती मुंबईत वाचायला शिकली. तोवर अंक हरवला होता. परवा रद्दीत एक मिळाला, तर नेमकं शेवटचं पान कापलेलं.

"ते मीच कापलं असेल असं नाही," गंगाधरराव म्हणाले. पण कान लाल झाले.

तीनदा नाही म्हणून झाल्यावर रविवारी ते तिच्यासमोर पाण्याने भरलेली परात घेऊन बसले. खळ सुटली, पान निघालं. पण रंग कच्चा निघाला, बाटलीवालीचा चेहरा पाण्यात उतरला आणि परातीत जणू खरोखरीचं संत्र्याचं सरबत तयार झालं. मागची काळी अक्षरं मात्र शाबूत होती.

कमल बोट ठेवून वाचू लागली. "त्याने बायकोचे पत्र फाडले. तो पुन्हा कधी गावी गेला नाही."

तिने पुन्हा वाचलं.

"मला तर ह्यांनी सांगितलं, शेवटी तो बायकोला मुंबईला घेऊन जातो! मी म्हटलं, मग तुम्ही कधी नेणार? मे महिन्यात घेऊनच आले मला."

गंगाधरराव घाईने पाण्याचा पेला घेऊन आले, तर कमल पदर तोंडाला लावून हसत होती.

"काय लबाड माणूस होता, बघा!" मग तिने पान उलटं केलं. फिकट केशरी डाग तेवढा उरला होता. "भाऊ, आधी कळलं असतं तर चित्रच राहू दिलं असतं हो."

गंगाधररावांनी परात उचलली आणि मोरीत ओतली.