गालाखालचं बटण

आमच्या बारक्याचा फोन एका सकाळी सुरक्षित झाला आणि तेव्हापासून बारक्याला तो वापरता येईना.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. चांगला सहा फुटी माणूस, गोदामात क्रेन चालवायचा, पण घरात सगळ्यांत शेवटचा म्हणून बारक्या तो बारक्याच राहिला. नसांच्या आजारात त्याचे आधी पाय गेले, मग हात. आता मान तेवढी वळते. डोकं शाबूत आहे, जीभ मात्र जड झाली आहे. त्याचं बोलणं मला कळतं, त्याच्या मित्राला कळतं. फोनमधल्या बाईला कळत नाही. ती दर वेळी 'पुन्हा सांगा' म्हणते, आणि फारच पुन्हा सांगितलं की उद्याचं हवामान ऐकवायला लागते.

म्हणून त्याच्या मित्राने, म्हणजे वायरमनने, एक युक्ती काढली होती. बारक्याच्या उजव्या गालाखाली येईल असं एक मोठं बटण उशीला लावायचं. ते मी शिवून दिलं. मग फोनमध्ये कुठलंसं ॲप टाकून त्याने फोनला शिकवलं, की वाजत असताना गाल दाबला तर उचलायचं आणि स्पीकर लावायचा, दोनदा दाबला तर ठेवून द्यायचं, दाबून धरला तर ठरलेल्या नंबरला लावायचं. पलंगाला दांडी, दांडीवर फोन. पहिल्यांदा जमलं तेव्हा बारक्याने जिन्यात उभ्या असलेल्या वायरमनला फोन लावून एक सणसणीत शिवी हासडली. आजारपणानंतर त्याला इतकं खूश मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी दिवसभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारी शेजारीण येऊन त्याला भरवते, कूस बदलून देते आणि जाते. बाकी दिवस तो आणि त्याचा फोन.

बायको त्याची आजाराच्या आधीच मुलीला घेऊन गेली. का गेली ते मी सांगायला बसले तर संध्याकाळ होईल, आणि सगळा दोष तिचाच निघेल. पोरगी मध्ये एकदा आईला न सांगता बापाला भेटायला आली होती. कॉलेजात जायला लागलेली, बापासारखीच ताडमाड. मला आनंद झाला, आणि मी तो फक्त आमच्या मावसबहिणीला सांगितला. एका माणसाला! तिच्याकडून तो भावजयीपर्यंत पोचला त्याला मी काय करू? तिकडे रणकंदन झालं, पोरीचं येणं बंद झालं. बारक्या मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

तर ती सकाळ. फोन रात्रभर चार्जिंगला होता आणि आपला आपणच नवीन झाला होता. चित्रं गोल झाली होती, अक्षरं जाड झाली होती, आणि मधोमध लिहिलं होतं: 'तुमच्या सुरक्षिततेसाठी या ॲपचे नियंत्रण थांबवण्यात आले आहे.' खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. ठीक नसलेल्या माणसाने काय दाबायचं, याची सोय नव्हती.

बारक्या गाल दाबत होता. पुन्हा पुन्हा दाबत होता, लिफ्ट येत नाही म्हणून लोक दाबतात तसा.

"अरे, असेल काहीतरी बारीकसं," मी म्हटलं. "संध्याकाळी बोलावते त्याला."

"आत्ता," बारक्या म्हणाला.

मी दुकानात रजा सांगितली. वायरमन दुपारी आला. बराच वेळ फोनच्या पोटात शिरून बसला आणि तोंड पाडून बाहेर आला.

"ताई, काही चोर लोक असलीच ॲपं टाकून दुसऱ्याचा फोन दुरून चालवतात. म्हणून कंपनीने सरसकट दारच लावून घेतलंय."

"पण हा चोर आहे का?"

"फोनला काय माहीत! त्याला एवढंच कळतं, की बोट न लावता कुणीतरी फोन चालवतंय."

"बोट लावता येत नाही म्हणूनच ना रे बाबा! मग जुनं होतं ते परत टाक."

"मागे जाता येत नाही. फक्त पुढे जायचीच वाट ठेवलीय."

कंपनीची स्वतःची अपंगांसाठीची सोय होती म्हणे. ती त्याने लावून दिली. तिच्यात एक निळी चौकट पडद्यावर एकेका चित्रावरून सरकत जाते, आणि हव्या त्या चित्रावर आली की गाल दाबायचा. वायरमन जिन्यात गेला, त्याने फोन लावला. चौकट निघाली. आधी घड्याळावर, मग बॅटरीवर, मग 'आत्ता बोलू शकत नाही' वर. एखादा सरकारी साहेब टेबलाटेबलावरून फिरावा तशी. हिरव्यापर्यंत पोचेपोचेतो वाजणं थांबलं. दुसऱ्या वेळी बारक्याने घाई केली आणि लाल बटण दाबलं गेलं.

"सवय होईल," वायरमन म्हणाला. बारक्याने मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरवरून कंपनीला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"मॅडम, हा बदल वापरणाऱ्याच्या सुरक्षेसाठीच केलेला आहे."

"वापरणाऱ्याला तो नको आहे."

"मग त्यांनाच बोलू द्या ना. त्यांच्याकडे फोन द्या."

"अगं बाई, त्याला फोन धरता येत नाही, म्हणून तर..."

"मालकाशी बोलल्याशिवाय आम्हाला तक्रार नोंदवता येणार नाही, मॅडम. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

मी तिला जी मदत सांगितली ती ऐकून कोट न्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

आणि बारक्या जेवेना. शेजारीण सांगायची, ती दुपारी येते तेव्हा फोन वाजतच असतो, हा चौकटीमागे धावतो, चुकतो, आणि मग घासावरून तोंड फिरवतो. तिने 'मी उचलू का' म्हटलं तर अंगावर ओरडतो.

"कुणाचा फोन असतो?" मी विचारलं.

"कुणाचा नाही."

"कुणाला लावायचाय ते सांग, मी लावून देते. माझी बोटं काय झिजणार आहेत?"

"कुणाला नाही."

मग मी वायरमनला जिन्यात गाठलं. तो पोटात ठेवणारा आहे, पण माझ्यापुढे कितीसा टिकणार! "माझ्याकडून काढून घेऊ नका ताई," म्हणत त्याने एवढंच सांगितलं, की बारक्याने त्या ॲपला आणखी एक काम लावायला सांगितलं होतं. फोन ठेवला की त्या फोनची नोंद पुसून टाकायची.

मला तर वाटलं, बाईचं काही आहे. रागही आला आणि हसूही. पलंगावरून हलता येत नाही आणि थेर बघा! पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी लागलं. ज्याचं सगळं अंग मी पुसते, त्याने माझ्यापासून काही पुसून ठेवावं?

दुकानाला सुट्टी होती त्या दुपारी फोन वाजला. मी त्याचे पाय चोळत होते. पडद्यावर नाव आलं, 'गोदाम ऑफिस'.

"गोदाम? आता तुझं तिथे काय काम?"

बारक्याचा गाल बटणावर गेला. चौकट निघाली. घड्याळ, बॅटरी. त्याच्या कपाळावर घाम आला. मी हात पुसले.

"ताई, नको."

मी बोट लावलं. फोनने बिचाऱ्याने लगेच ऐकलं. स्पीकर लावला आणि, कुणाला पटणार नाही, पण आयुष्यात पहिल्यांदाच मी गप्प राहिले. ऐकायचंच होतं ना मला.

"बाबा?" पोरीचा आवाज. "अरे उचलत का नाहीस? त्या दिवशी तर कटच केलास. चिडलास का माझ्यावर? मी काही केलं का?"

बाई नव्हतीच. आमचीच पोरगी होती, गोदामाच्या नावाखाली लपवलेली, आणि ती रोज दुपारी बापाशी बोलत होती. आई कामावर, आत्या दुकानात, आणि शेजारीण येण्याआधीच्या त्या तासात ही दोघं. त्याने गाल दाबायचा, हिने दिवसभराचं सगळं सांगायचं. कुणाला पत्ता नाही.

"नाही गं," बारक्या म्हणाला. "चिडलो नाही."

"मग? मला किती काय काय सांगायचंय." ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "बाबा, एकटा आहेस ना?"

मी तोंडावर हात घट्ट धरला. श्वाससुद्धा घेतला नाही. हो म्हण, मी मनात ओरडत होते, हो म्हण रे गाढवा, मी नाहीच आहे इथे.

बारक्याने माझ्याकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "ताई आहे."

तिने फोन ठेवून दिला. पडद्यावर पाच चांदण्या आल्या आणि खाली प्रश्न, 'कॉलचा आवाज कसा होता?'

"हो म्हणायला काय झालं होतं?" मी भडकले. "जीभ झडली असती?"

"तिच्याशी खोटं बोलत नाही मी." दम खात, एकेक शब्द सोडवत तो बोलला. "तिकडे सगळे तिच्याशी खोटं बोलतात. खरं बोलणारा एकच माणूस ठेवलाय तिने."

"मी कुणाला सांगणार नव्हते!"

मी त्याच्या पायांवर चादर ओढली.

"बरं, ऐक. पुन्हा करेल ती. केला की मी नुसतं बोट लावते आणि बाहेर जाते. दार ओढून घेते. मग तू खरोखरचा एकटा. मग तर झालं?"

"तू दाराला कान लावून उभी राहशील."

मी तोंड उघडलं. काउंटरवर आजवर एकही गिऱ्हाईक माझं उत्तर घेतल्याशिवाय गेलेलं नाही. पण माझी पोरगी म्हणावी अशी ती पोर, तिचा हसण्या-रडण्याचा आवाज, आणि मध्ये पातळ लाकडी दार. मी उभी राहिले असते. मावसबहिणीला सांगितलं असतं की नसतं, ते देव जाणे, पण उभी राहिले असते. मी तोंड मिटलं.

"फोन बंद करून ठेव," बारक्या म्हणाला.

"अरे, आणि तिने केला तर?"

"बंद लागेल." त्याने गाल बटणावरून काढून मान सरळ केली. "वाजला तर तिला वाटतं, बाबा उचलत नाही."

मी फोन दांडीवरून काढला आणि बंद केला. बंद होताना मात्र फोनने मालक कोण, बोट कुणाचं, काही विचारलं नाही.